खरूज एकाची नव्हे, घराची

‘खाजवून खरूज काढणें’ हा वाक्प्रचार भांडणतंट्याच्या संदर्भांत आपण नित्य वापरतों. परंतु ज्या रोगावरून तो निघाला त्याचें नांव चारचौघांत काढण्यास मात्र आपण कचरतों. पडसें झालें तर शेजाऱ्यास सांगतों, हिवताप आला तर नातलगांस कळवितों, आणि मधुमेहाला तर हल्लीं एक प्रकारची प्रतिष्ठाच आली आहे. खरूज झाली कीं मात्र आपण दार लावून घेतों. हें दार लावणें त्या रोगाच्या किती पथ्यावर पडतें, तें आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचें आहे. आणि दार उघडावयाचें तर प्रथम स्वतःच्याच घराचें उघडावें, हा न्याय आम्हांस मान्य आहे.

बीड शहराच्या जुन्या वस्तींत आमचें एकत्र कुटुंब आहे. तीन भावांचे संसार, वर वडीलधारीं दोघें, घरीं सात मुलें आणि आठवा पुतण्या शिक्षणासाठीं पुण्यास. थंडीच्या दिवसांत मुलें माजघरांत एका ओळीनें निजतात. एकाचें पांघरूण दुसऱ्याच्या अंगावर आणि दुसऱ्याचा पाय तिसऱ्याच्या पोटावर, हा तर एकत्र कुटुंबाचा आनंदच म्हणावयाचा. कांहीं वर्षांपूर्वीं मार्गशीर्ष लागतां लागतां ह्या ओळींत रात्रीं चुळबूळ सुरू झाली. धाकट्या भावाची मुलगी झोपेंतच बोटांच्या बेचक्यांत खाजवूं लागली. उष्णता असेल म्हणून सब्जा झाला, थंडीनें कातडी फुटली असेल म्हणून खोबरेल झालें, पुढें करंजेल झालें. आठवड्याभरांत चार मुलें खाजवूं लागलीं, आणि मग घरांत एकदम शांतता पसरली. कारण प्रत्येकाच्या मनांत तो शब्द आला होता आणि कोणीच तो उच्चारीत नव्हतें.

शेवटीं उच्चारला गेला, पण तो आरोपाच्या रूपानें. आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंची नात कार्तिकी पौर्णिमेपासून त्यांच्याबरोबर येऊं लागली होती. तिचे आईबाप ऊंसतोडीच्या टोळीबरोबर कोल्हापूरकडे गेलेले. पोर आजीजवळ ठेवलेली. सहा वर्षांची ती मुलगी आमच्या मुलींबरोबर ओसरीवर सागरगोटे खेळत असे. कोणाला तरी तिच्या मनगटावरचे ओरखडे आठवले, आणि निकाल लागला! ‘तरीच म्हटलें, आपल्या घरांत ही घाण आली कोठून?’ बाईंच्या हातावर महिन्याचा पगार ठेवून, ‘मुलें बरीं होईपर्यंत येऊं नका,’ असें सांगण्यांत आलें. त्या कांहींच बोलल्या नाहींत. नातीचा हात धरला आणि निघून गेल्या. लिहितांना लाज वाटते, परंतु त्या वेळीं आम्हां कोणासच त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं.

डॉक्टरांचा एक प्रश्न

आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं भिंग लावून मुलांचे हात पाहिले, खरूज असल्याचें सांगितलें, आणि मग एक साधा प्रश्न विचारला : ‘सर्वांत आधीं कोण खाजवीत होतें?’ कोणीच उत्तर देईना. ‘दिवाळींत कोण कोण घरीं आलें होतें?’ हा दुसरा प्रश्न आला, तेव्हां पुण्याच्या पुतण्याची आठवण झाली. त्याच रात्रीं त्याला दूरध्वनीवर विचारलें. पोरगा बराच वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, ‘नवरात्रापासून खाज आहे, वसतिगृहांत आणखीहि कांहीं जणांना आहे. सांगायची लाज वाटली.’ दिवाळीचे चार दिवस तो त्याच माजघरांत, त्याच ओळींत निजला होता.

डॉक्टरांनीं हिशेब मांडून दाखविला. खरूज ज्याला पहिल्यांदांच लागते, त्याला खाज सुटावयास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर किडा अंगावर असूनहि माणसाला पत्ता नसतो. आमची मुलगी खाजवूं लागली तेव्हां दिवाळीला महिना होऊन गेला होता. उलट बाईंच्या नातीला घरीं येऊं लागून पंधरवडाच झाला होता. म्हणजे रोग आमच्याच घरच्या कुलदीपकानें आणिला होता. आणि त्या पोरीच्या मनगटावरचे ओरखडे? ते बोरीच्या काट्यांचे होते, असें पुढें कळलें.

आतां ह्या किड्याचें थोडें चरित्र पाहूं. कोळ्याच्या जातकुळींतला हा आठ पायांचा जीव. मादीची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी. कातडीच्या अगदीं वरच्या थरांत ती बीळ करीत जाते आणि रोज दोन-तीन अंडीं घालते. तीन-चार दिवसांत अंडीं फुटतात आणि सुमारें दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. आपल्याकडे अजून कित्येक घरांत ‘रक्त बिघडलें’ म्हणून खरूज होते अशी समजूत आहे. परंतु १६८७ सालींच बोनोमो ह्या इटालियन वैद्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं हा किडा पाहून, खरूज होते ती त्याच्यामुळेंच, असें लिहून ठेविलें होतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडांतील शेफील्ड येथें केनेथ मेलनबी ह्या शास्त्रज्ञानें स्वयंसेवकांवर प्रयोग केले. त्यांत दोन गोष्टी दिसून आल्या. रोग्याच्या सर्वांगावर मिळून प्रौढ माद्या सरासरीनें अवघ्या अकरा-बारा असतात. आणि पांघरुणांतून रोग क्वचित् लागतो, खरा लागतो तो अंगाला अंग बराच वेळ लागल्यानें. एकत्र निजणें, मुलाला कडेवर घेणें, हातांत हात धरून खेळणें, ह्या मायेच्या वाटांनींच तो घरभर हिंडतो.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. खरूज हा घाणीचा रोग नव्हे. आमच्या घरीं दोन वेळां स्नान होतें, देवघरांत सोवळें पाळलें जातें. त्याचा किड्यावर कांहीं परिणाम झाला नाहीं, कारण आंघोळीच्या पाण्यानें तो बिळांतून बाहेर येत नाहीं. पाणी आणि साबण ह्यांचा उपयोग निराळा आहे. खाजवून खाजवून कातडी फुटते, त्या जखमांत पू करणारे जंतू शिरतात. आणि त्यांपैकीं स्ट्रेप्टोकॉकस नांवाचे जंतू पुढें लहान मुलांचीं मूत्रपिंडें सुजवूं शकतात. हृदयाच्या झडपा बिघडविणाऱ्या सांधेज्वराशींहि त्यांचा संबंध शास्त्रज्ञ जोडूं लागले आहेत. तेव्हां ‘खाजच तर आहे’ म्हणून हंसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाहीं.

एकाच रात्रीं

डॉक्टरांची आज्ञा स्पष्ट होती. पर्मेथ्रिनचें मलम घरांतील पंधराहि माणसांनीं एकाच रात्रीं मानेपासून तळपायापर्यंत लावावें. बोटांचीं बेचकीं, नखांखालची जागा, काखा, बेंबी, कांहींहि सोडूं नये. आठ ते बारा तासांनीं स्नान करावें. अंगावरचे कपडे व आंथरुणें-पांघरुणें कढत पाण्यांत धुवून उन्हांत घालावीं. जें धुतां येत नाहीं तें पिशवींत बांधून चार-पांच दिवस बाजूस ठेवावें, कारण माणसाच्या अंगावांचून किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाहीं. आठवड्यानें सर्वांनीं पुन्हां एकदां तेंच करावें. औषधानंतरहि खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, तेवढ्यानें घाबरून जाऊं नये; आणि औषधाच्या दुकानांतून कोणी सुचविलेलें स्टेरॉइडमिश्रित मलम तर मुळींच लावूं नये. त्यानें खाज दबते, रोग झांकतो आणि आंतून पसरतो.

आज्ञा स्पष्ट होती, पण ती पाळली कोणी? मलम लागलें तें चार मुलांना. ‘मला कोठें खाज आहे?’ असें आमचें प्रत्येकाचें म्हणणें. आई तर रागावल्याच : ‘ह्या वयांत अंगाला औषध चोपडून बसूं कीं काय?’ परिणाम व्हावयाचा तोच झाला. तीन आठवड्यांनीं, पौषांत, मोठ्या वहिनी खाजवूं लागल्या, त्यांच्या मागून खुद्द आई, आणि बरीं झालेलीं मुलें पुन्हां पहिल्या पदावर! ज्यांना खाज नव्हती त्यांच्या अंगावर किडा त्या चार-सहा आठवड्यांच्या अज्ञातवासांत होता. चौघांना औषध देऊन आम्हीं केवळ त्याला एका खोलींतून दुसऱ्या खोलींत हांकललें होतें.

मग मात्र संक्रांतीच्या आधींच्या शनिवारीं पंधराहि माणसें एका रात्रीं औषध लावून निजलीं. पुण्यास पुतण्यानें आणि त्याच्या खोलीवरच्या मित्रांनींहि त्याच रात्रीं तें लावलें. डॉक्टरांनीं मात्र आणखी एक घर मोजलें होतें. ‘त्या बाईंच्या घरीं औषध कोण देणार?’ त्यांनीं विचारलें. ‘ती पोर तीन आठवडे तुमच्या मुलींचा हात धरून खेळली आहे. किड्याला तुमच्या घराची भिंत दिसत नाहीं.’ त्या घरीं आम्ही गेलों, त्याचें शेवटीं सांगूं.

घराचा नियम तोच गांवाचा

घरांत आम्हीं जें चुकून शिकलों, तें जगांत कित्येक ठिकाणीं लोकांनीं मोठ्या प्रमाणावर शिकून दाखविलें आहे. मध्य अमेरिकेंतील पनामा देशाच्या किनाऱ्याजवळ कुना जमातीचीं बेटें आहेत. तेथील एका बेटावर ७५६ माणसांची वस्ती. त्यांपैकीं शेंकडा ३३ जणांना खरूज. १९८६ च्या सुमारास तेथें सर्व बेटालाच एकदम मलम लावण्यांत आलें, आणि पुढें नवा रोगी दिसतांच त्याच्यावर व बाहेरून येणाऱ्यांवर त्या बेटावरच्याच माणसांनीं लक्ष ठेविलें. खरजेचें प्रमाण शेंकडा एकाच्याहि खालीं आलें आणि तीन वर्षें जवळजवळ तेथेंच राहिलें. पुढें १९८९ च्या अखेरीस पनामावर अमेरिकन सैन्याची स्वारी झाली, औषधें येणें बंद पडलें, आणि कांहीं महिन्यांतच तें प्रमाण शेंकडा १२ वर गेलें. औषधाइतकेंच महत्त्व पहाऱ्याला आहे, हें ह्यावरून दिसतें.

दुसरें उदाहरण फिजी बेटांचें. तेथें तीन निरनिराळ्या बेटांवर तीन रीती योजून पाहिल्या व २०१५ सालीं त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथें केवळ रोग्यास व त्याच्या निकटच्या माणसांस मलम दिलें, तेथें वर्षभरानें खरजेचें प्रमाण सुमारें निम्म्यावर आलें. जेथें आयव्हरमेक्टिन ह्या पोटांत घेण्याच्या औषधाच्या गोळ्या सर्व वस्तीला दिल्या, तेथें तें शेंकडा ३२ वरून २ च्या आंत उतरलें. ह्या औषधाचा मूळ जंतू जपानांतील मातींत सांपडला, आणि त्याबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल ह्यांस २०१५ च्या नोबेल पारितोषिकांत वाटा मिळाला. गरोदर स्त्रियांना आणि पंधरा किलोंहून कमी वजनाच्या मुलांना तें देत नाहींत, म्हणून वैद्याच्या सल्ल्यावांचून कोणी घेऊं नये.

तिसरें उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचें. आणि आम्हांस तेंच सर्वांत बोधप्रद वाटतें, कारण त्यांत यश अर्धेंच आलें. उत्तरेकडील आर्नहेम लँड ह्या भागांत २००४ ते २००७ ह्या काळांत तेथल्याच माणसांना शिकवून मुलांच्या कातडीची तपासणी व औषधोपचार चालविले. मुलांच्या अंगावरचे पुवाचे फोड स्पष्टपणें कमी झाले. खरूज मात्र फारशी हटली नाहीं. कारण शोधूं जातां असें दिसलें, कीं रोग्याच्या घरीं मलम पोंचत होतें, पण घरांतील सर्वांनीं तें लावलें अशीं घरें फारच थोडीं होतीं. उष्ण हवा, गर्दीचें घर, आडोसा नाहीं. सर्वांगाला मलम चोपडून रात्र काढावी कशी? आणि त्याच पाहणींत हेंहि आढळलें, कीं ज्या घरांत खरूज मुळींच नव्हती, तेथील माणसांस नव्यानें लागण होण्याचा संभव जवळजवळ सहापटीनें कमी होता. आमच्या आईंचें ‘मला कोठें खाज आहे?’ हें वाक्य सातासमुद्रांपलीकडेहि बोललें जातें, हें वाचून आम्हांस एकाच वेळीं हंसूं आलें आणि शरमहि वाटली.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं खरजेचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादींत केला. जगांत कोणत्याहि क्षणीं वीस कोटींहून अधिक माणसें ह्या रोगानें पीडलेलीं असतात, असा त्या संघटनेचा अंदाज आहे.

कोपी आणि माजघर

आतां आमच्याच जिल्ह्याकडे वळूं. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा मुलूख पर्जन्यछायेंतला. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, वडवणी, धारूर, केज इकडच्या गांवांतून टोळ्या निघतात. नवराबायकोच्या जोडीला तेथें एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या अशा कोयत्यांची टोळी होते. पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत कारखान्याजवळ किंवा फडाच्या कडेला ह्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात : पाचट, बांबू आणि वर प्लास्टिकचा कागद. एका कोपींत आईबाप आणि मुलें थंडींत एकमेकांस बिलगून निजतात.

किड्याच्या दृष्टीनें ती कोपी आणि आमचें माजघर ह्यांत भेद नाहीं. भेद आहे तो पुढच्या गोष्टींत. आम्हीं पंधरा जणांचें मलम एका दिवसांत आणिलें. तेथें दवाखान्यास जावयाचें म्हणजे कामाचा खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. आम्हीं चादरी कढत पाण्यांत धुतल्या. तेथें पिण्याचें पाणीच दुरून आणावयाचें. शिवाय गांवोगांवच्या आशा कार्यकर्त्या, ज्यांची योजना २००५ सालीं ग्रामीण आरोग्य अभियानांत झाली, त्या गांवच्या वस्तीच्या हिशेबानें नेमलेल्या असतात. टोळी पांच-सहा महिने परमुलखांत गेली, कीं ओळखीची आशाताई मागें राहते. एका कोपींतल्या एका मुलाला मलमाची एक नळी मिळाली, तर आमच्या माजघरांत झालें तेंच टोळींत होणार.

ह्यावर उपाय काय? तो शोधावयास दूर जावें लागत नाहीं. आमच्या आष्टी-पाटोद्याला लागूनच अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील जामखेड आहे. तेथें १९७० सालीं डॉक्टर रजनीकांत आरोळे व डॉक्टर मेबल आरोळे ह्या दांपत्यानें ग्रामीण आरोग्याचें काम उभें केलें. गांवानें निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि पुष्कळशा दलित समाजांतील स्त्रियांना त्यांनीं शिकवून आरोग्यसेविका केलें. कुष्ठरोगासारखा, ज्याचें नांव घेतांच माणसें पाठ फिरवीत, तो रोगहि ह्या स्त्रिया चुलीपाशीं बसून ओळखूं लागल्या. अंगावरचा बधिर चट्टा बाहेरच्या डॉक्टरला जो दाखवीत नसत, तो आपल्या गांवच्या बाईला दाखवीत. रोग्याला वेगळें न काढतां इतरांच्या बरोबरच त्याच्यावर उपचार होत. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषध डॉक्टरानें ठरवावें, पण तें घरांत नेणारें माणूस घरचेंच असावें, हा त्या कामाचा सारांश होय.

सर्व वस्तीला एकदम औषध देणें आपल्या राज्याला नवीनहि नाहीं. हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठीं २०१९ सालीं नागपूर जिल्ह्यांत जीं तीन औषधें घरोघर देण्यांत आलीं, त्यांत आयव्हरमेक्टिन होतेंच. तेव्हां आमचें नम्र मत असें, कीं ऊंसतोडीच्या लोकांकरितां उपचाराचें एकक रोगी न धरतां टोळी धरावी. टोळी निघण्यापूर्वीं गांवांत एकदां, आणि पट्टा पडून ती परतली कीं पुन्हां एकदां, सर्वांचे हात पाहावे. आणि टोळींतल्याच एका स्त्रीला बोटांचीं बेचकीं पाहावयास आणि औषधाची रात्र ठरवावयास शिकवावें. ती रात्र साऱ्या टोळीची एकच असावी, आणि दुसऱ्या सकाळच्या पाण्याची सोय कारखान्यानें करावी. हें कांहीं अशक्य कोटींतलें मागणें नव्हे.

आमची भेट

आतां राहिलेली गोष्ट. संक्रांतीच्या आधल्या आठवड्यांत आम्ही बाईंच्या घरीं गेलों. नात दारांत बसून खाजवीत होती. ह्या खेपेस तें बोरीच्या काट्यांचें नव्हतें. आमच्या आईंनीं आयुष्यांत प्रथमच त्या घराचा उंबरा ओलांडला, औषधाची पिशवी खालीं ठेविली आणि म्हणाल्या, ‘बाई, चूक आमची झाली. आमच्याच पोरानें आणली आणि तुमच्या नातीला दिली.’ बाईंनीं पिशवीकडे पाहिलें, मग आईंकडे. ‘काकू,’ त्या म्हणाल्या, ‘खरूज आमच्यात बी येती अन् तुमच्यात बी येती. आमची दिसती, तुमची झाकती, येवढंच.’ त्यांनीं पाणी दिलें. आई तें प्यायल्या. त्या शनिवारीं दोन्ही घरें एकाच रात्रीं औषध लावून निजलीं.

बाई पुन्हां कामास आल्या, पण तीन आठवड्यांनीं आणि पगार वाढवून मागूनच आल्या. आणि तो आम्हीं मुकाट्यानें दिला.

वाचकहो, आपल्या घरीं मूल रात्रीं खाजवूं लागलें तर दार लावूं नका. प्रथम त्याचीं बेचकीं पाहा, नंतर डॉक्टरांस दाखवा, आणि तें ज्यांच्या हातांत हात घालून खेळलें त्या सर्व घरांना, वरच्या आळीपासून खालच्या वस्तीपर्यंत, त्याच दिवशीं सांगा. वसतिगृहांतल्या मुलाला स्वतः होऊन विचारा, म्हणजे त्याला लाजावें लागणार नाहीं. आणि कोणी कोणास रोग दिला ह्याचा निवाडा करण्याची घाई झालीच, तर आधीं दिनदर्शिका उघडून चार ते सहा आठवडे मागें मोजा. आमचा अनुभव असा आहे, कीं पुष्कळदां तें बोट वळून आपल्याच माजघराकडे येतें.